श्रीपतचा अर्धा फेरा

गिरीजमध्ये दुपारी दोनच्या पुढे जागं असायचं ते फक्त पाणी. माणसं जेवून आडवी झालेली, वाडीतल्या केळीची पानंसुद्धा मान टाकून पडलेली, आणि अशा वेळी रस्त्याच्या कडेला एक उंच, सडपातळ माणूस लोखंडी चावी जमिनीत रोवून, तिच्या आडव्या मुठीवर कान टेकून उभा असायचा. डोळे मिटलेले. नवख्याला वाटायचं, हा गडी उभ्या उभ्या झोपला. गावाला ठाऊक होतं, श्रीपत झोपत नाही, ऐकतो.

सत्तर साली गावात नळ आले आणि नळांच्या मागोमाग श्रीपत आला. त्याची चावी म्हणजे कमरेएवढा दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. सकाळी ती व्हॉल्व्हवर बसवून अर्ध्या गावाला पाणी सोडायचं, दुपारपासून संध्याकाळपर्यंत उरलेल्या अर्ध्याला. पाणी सुटलं की मुठीतून थरथर वर यायची, आणि तिच्यावरून पाणी कुठवर पोचलं ते श्रीपत सांगायचा. आता ग्रेसीकडे पोचलं. आता चर्चच्या वळणावर आलं. त्याचं म्हणणं असं की ग्रेसीच्या घराकडे पाणी घाईने जातं आणि शाळेकडे जाताना रेंगाळतं. पाण्याला कसली घाई आणि कसलं रेंगाळणं, पण हे श्रीपतला समजावण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. त्याची बायको मंदा म्हणायची, "माझ्याशी बोलताना यांचं ध्यान नसतं. त्या लोखंडाशी बोलताना बघा."

कामाचा एक भाग मात्र त्याला नकोसा होता. बिलं थकली की कचेरीतून यादी यायची. प्रत्येक घराच्या कुंपणाबाहेर, फरशीखाली, त्या घरापुरता एक लहान व्हॉल्व्ह होता. यादीत नाव आलं की तो बंद करून यायचं. नऊ फेरे फिरवले की पाणी बंद. यादी खिशात असली की श्रीपत त्या दिवशी नीट जेवायचा नाही, आणि मंदाला न सांगताच ते कळायचं.

याला कारण होतं. श्रीपत वाढला तो नायगावच्या खाडीकाठच्या एका मिठागरात. चारी बाजूंना पाणी, आणि त्यातलं एक घोटभर पिण्याजोगं नाही. गोडं पाणी लाकडी पिंपांतून होडीने यायचं, एक दिवसाआड. होडी लागली की बाया हंडे घेऊन बांधावर रांगेत उभ्या राहायच्या. त्या होडीची वाट बघत बांधावर बसणं हेच श्रीपतचं लहानपण. भर उन्हात मिठाच्या ढिगांवर नजर ठरत नाही, डोळे आपोआप मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांना दुरून वल्ह्याचा आवाज ऐकू यायला लागतो. कधी तो खरा असायचा, कधी नसायचा.

एका वर्षी वडील तापाने पडले. मुकादमाने हुकूम काढला, कामावर नाही त्याच्या घरी पाणी नाही. रांगेत आईची पाळी आली तसं होडीवाल्याने पिंपाला बूच बसवलं, आणि बांधावरच्या मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बंद केलंय." मग तो पलीकडच्या बांधावर विडी ओढायला जाऊन बसला. ती विडी काही केल्या संपेना. बूच सैल होतं. पिंपाच्या तोंडातून सुतासारखी धार खाली येत होती. आईने तिच्याखाली हंडा धरला. सहा वर्षांचा श्रीपत ती धार बघत राहिला, आणि मला विचाराल तर ती बघायचं त्याने पुढे कधी थांबवलंच नाही.

म्हणून नोकरीत पहिल्यांदा एका घराचं पाणी बंद करायची वेळ आली तेव्हा त्याने नऊ फेरे इमानदारीत फिरवले, आणि हात आपणहून अर्धा फेरा मागे आला. वरून बघितलं तर व्हॉल्व्ह बंद. नळ सोडला तर कोरडा, असं वाटावं. पण पाइपात उरलेलं पाणी झिरपत राहायचं, आणि रात्रभर हंडा ठेवला तर सकाळी काठोकाठ. एक हंडा, जास्त नाही. पुढे चौदा वर्षं श्रीपतने जी जी घरं बंद केली ती सगळी अशीच, नऊ फेरे पुढे आणि अर्धा मागे.

घरच्या बाईला तो एवढंच सांगायचा, "रातचा नलाखाली हंडा ठेवा." ती चमकून बघायची. मग तो म्हणायचा, "कचेरीचा नियम हाय." हे ऐकून शहाणी माणसं गालातल्या गालात हसायची आणि तोंडाला कुलूप लावायची. कचेरीला असले नियम सुचत नाहीत हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या आग्नेसबायला.

आग्नेस परेरा ही कॉन्रॅडची विधवा, साठीची, ताठ कण्याची. घरात ती आपल्या बोलीत बोलायची, पण परक्याशी बोलताना प्रार्थनेच्या पुस्तकातली मराठी काढायची. 'कृपा', 'दया', 'उपकार' असले शब्द तिच्या तोंडून भाजीवाल्यालाही ऐकायला मिळायचे. खोटं बोलणं तिला जमत नसे आणि दुसरा खोटं बोलत असेल हे तिच्या डोक्यात येत नसे.

तिच्या घरामागे दोन खोल्या होत्या, त्यांच्या अंगणात विहीर. त्या खोल्या कॉन्रॅडने एकोणसत्तर साली जगन्नाथला भाड्याने दिल्या, तोंडी. जगन्नाथ मुंबईला एका छापखान्यात कंपोझिटर होता, छपाईचे खिळे जुळवून जुळवून त्याला अक्षरं उलटी वाचायची सवय लागली होती. कॉन्रॅड जिवंत होता तोवर दोघं रविवारी विहिरीच्या काठावर पत्ते कुटत बसायचे. एक्याऐंशी साली कॉन्रॅड गेला. पुढे मुलीचं, सेलिनचं, लग्न ठरलं. जावई लुईस सज्जन, पण त्याच्या घरी सहा भाऊ आणि तीन खोल्या. मागच्या खोल्या पोरीला द्याव्यात असं आग्नेसबायच्या मनात आलं. तिने जगन्नाथला खोल्या सोडायला सांगितलं. तो म्हणाला, "मी कुठे जाऊ?" आता यात चुकलं कोण, हे तुम्ही सांगा. मला तर दोघांचीही बाजू दिसते आणि म्हणूनच वाईट वाटतं.

कुणीतरी आग्नेसबायच्या कानात सांगितलं, भाडं घेतलंत की तो कायमचा बसला. तिने भाडं घेणं बंद केलं. कुणीतरी जगन्नाथच्या कानात सांगितलं, भाडं देणं थांबवलंत की बाहेर पडलात. तो दर महिन्याला मनीऑर्डर करू लागला. एकाच कुंपणात राहणाऱ्या माणसाचे पैसे पोस्टातून फिरून पुढच्या दारी यायचे, आणि आग्नेसबाय पोस्टमनला पाणी देऊन ते परत पाठवायची. नळ तिच्या नावावर होता, त्याची एक शाखा मागच्या घरी. ती म्हणाली, पाण्याचं अर्धं बिल मागच्याने भरावं. जगन्नाथ म्हणाला, भरतो, पण पावती माझ्या नावाची द्या. पावती दिली की तो भाडेकरू असल्याचा पुरावा. तिने दिली नाही. अर्धं बिल त्याने भरलं नाही, आणि पुरं भरलं तर त्याचं अर्धं आपण भरल्यासारखं होईल म्हणून तिने भरलं नाही. बिलं घरातल्या आल्तारमागे खोचली जाऊ लागली, मारियामातेच्या पाठीशी. चौदा महिन्यांची साठली.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये यादीत आग्नेस परेरा हे नाव आलं.

श्रीपतने फरशी उचलली, चावी बसवली, नऊ फेरे पुढे, अर्धा मागे. आग्नेसबाय कुंपणाशी उभी राहून बघत होती.

"आग्नेसबाय, रातचा नलाखाली हंडा ठेवा. भरंल."

"बंद केलेल्या नळाला पाणी कसं येईल?"

"कचेरीचा नियम हाय. एक हंडा."

तिने फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कचेरीच्या मनात दया आहे तर." श्रीपतने तोंड फिरवून फरशी बसवली, कारण हसू आवरणं कठीण झालं होतं.

त्याच संध्याकाळी जगन्नाथ कामावरून आला, नळ सोडला, आणि तो कोरडा बघून त्याच्या मनाने घेतलं की हे बाईनेच मुद्दाम करवलं. त्याने मागच्या अंगणाच्या फाटकाला साखळी घातली आणि कुलूप ठोकलं. नळ तुमचा, तर माझ्या अंगणातली विहीर माझी. ती विहीर आग्नेसबायच्या सासऱ्याने खणलेली. तिने कुलपाचा आवाज घरात बसून ऐकला. केळींना बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी होतं, भांडी-कपड्यांनाही तेच. पण बावखलाचं पाणी प्यायचं नसतं. प्यायला उरला तो रोजचा एक हंडा.

त्या हंड्यापाशी ती सकाळी उठून जायची तेव्हा पाणी काठाशी हलत असायचं, त्यात माडाच्या झावळ्या उलट्या दिसायच्या. ती बिस्किटाच्या डब्यात एक चिंचोका टाकायची. एका हंड्याला एक चिंचोका. कचेरीने दया केली म्हणून आपण विसरावं असं थोडंच आहे. श्रीपत रस्त्यावर चावीला कान लावून उभा असला की त्याला तिच्या घराची धार ऐकू यायची. बाकीच्या घरांकडे पाणी धावत जातं, हिच्याकडे चालत, असं तो मंदाला सांगायचा. मंदा म्हणायची, "जेवा आता."

मे महिन्यात लग्न होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मायलेकी कुमसार करायला चर्चमध्ये गेल्या. आग्नेसबायने आपली पापं आठवून आठवून सांगितली, आणि शेवटी सांगितलं की बिल न भरता मी पाणी पिते आहे. फादर म्हणाले, जे घेतलंस त्याची भरपाई कर आणि मोकळ्या मनाने मुलीचं लग्न लाव. दुसऱ्याला एवढं पुरलं असतं. आग्नेसबाय सोमवारी सकाळी धुतलेलं लुगडं नेसली, बिस्किटाचा डबा काखेत मारला आणि तडक पाण्याच्या कचेरीत गेली.

श्रीपत तेव्हा कचेरीच्या पायरीवर हजेरीसाठी बसला होता. तिला बघून तो उठला. "काय काम काढलं, बाय?"

"उपकार मानायचे आहेत," ती म्हणाली आणि आत गेली.

आत ओव्हरसियर बसायचे, शरदचंद्र राऊत. वाडीवाल्या घरातला माणूस, हिशेबाला कडक, पण तोंडाने वाईट नाही. आग्नेसबायने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

"साहेब, बंद केलेल्या नळालाही एक हंडा पाणी ठेवण्याचा जो नियम आपण केला आहे, त्याबद्दल ईश्वर आपलं भलं करो. एकोणसत्तर हंडे झाले. त्यांचे किती द्यायचे?"

साहेबांनी चिंचोक्यांकडे पाहिलं. "कुठला नियम?"

"श्रीपतने सांगितला तो."

पायरीवर श्रीपतला हे सगळं ऐकू आलं. साहेबांची खुर्ची सरकली, ते दारात आले, आणि श्रीपतने वर बघितलं नाही. त्याला आपल्याच चपलांचे अंगठे दिसत होते, आणि त्यांच्याभोवती मिठाचं पांढरं आवार पसरत चाललंय असं त्याला वाटलं. चौदा वर्षं त्याने ही धार लपवली होती, आणि ती उघडी पडली एका खरं बोलणाऱ्या बाईच्या डब्यातून.

"चावी घे," साहेब म्हणाले. "चल."

यादीत तेव्हा एकोणीस बंद घरं होती. भर दुपारी दोघं एकामागून एक घरी गेले. साहेब स्वतः उकिडवे बसून बघायचे, श्रीपत चावी बसवून तो अर्धा फेरा पुढे न्यायचा. मुठीतली बारीक थरथर थांबायची. घरोघरच्या बाया खिडकीतून बघत होत्या. प्रत्येक घराचं पाणी थांबलं की श्रीपतला त्याची जागा कानात रिकामी झालेली कळायची. शेवटचं घर आग्नेसबायचं होतं.

"कशासाठी केलंस हे?" साहेबांनी तिथे विचारलं. "पैसे घेतलेस?"

"नाय साहेब. कोनाकडून चाय पन नाय."

"मग?"

श्रीपतने होडीवाल्याची गोष्ट सांगितली. साहेबांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग घाम पुसत म्हणाले, "तुझ्या आईला एका दिवसाचं पाणी हवं होतं, श्रीपत. इथे वर्ष-वर्ष बिलं पडून आहेत. हा नळ मार्चमध्ये खरोखर बंद झाला असता ना, तर ही बाई आणि तो मागचा माणूस दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलले असते. तू रोज हंडा भरलास आणि त्यांचं भांडण जगवलंस."

साहेब रागाने बोलले असते तर श्रीपतला बरं वाटलं असतं. त्याने अर्धा फेरा फिरवला, आणि साहेबांनी हात पुढे केला. चावी देताना श्रीपतला ती पहिल्यांदाच जड लागली. त्याला उंच टाकीवर राखणदार म्हणून बसवायचं ठरलं, पगार कमी. नोकरी गेली नाही हीच साहेबांची मेहरबानी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आग्नेसबाय त्याच्या खोलीवर आली. केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी तिने मंदाच्या हातात दिली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"श्रीपत, मी तुझा घात केला."

"तुमी खरं बोललाव बाय. खोटं मी बोललो."

"आज हंडा रिकामा होता," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती, नुसती बातमी.

मंदाने तिला बसवलं, पाणी दिलं. ते पाणी तिने घोट घोट करत फार वेळ प्यायलं. मग लग्नाचं बोलणं निघालं, आणि तिचा ताठ कणा जरासा वाकला. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बाया-बापे बँड लावून विहिरीवर जातात, काठावर मेणबत्ती लावतात, आणि कळश्या भरून आणतात. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. आग्नेसबाय या घरात सून म्हणून आली तेव्हापासून प्रत्येक लेकीबाळीचं उंबराचं पाणी मागच्या विहिरीचं होतं.

"सेलिनचं पाणी शेजारच्या ग्रेसीच्या विहिरीवरून आणायचं ठरलंय," ती म्हणाली. "ग्रेसी चांगली आहे. पण ती विहीर आम्हाला ओळखत नाही."

"जगन्नाथभाऊना इचारा की."

"विचारलं तर तो पावती मागेल."

ती गेल्यावर श्रीपत बराच वेळ दारात बसून राहिला. हातात चावी नव्हती, तर हातांचं काय करायचं ते त्याला समजेना. साहेबांचं वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं होतं. आपण जगवलेलं भांडण आपणच कुठेतरी पोचवलं पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तो मागच्या फाटकापाशी गेला. जगन्नाथ नुकताच कामावरून आला होता, बोटांना अजून शाई होती. फाटकाला कुलूप, आतल्या बाजूला जगन्नाथ, बाहेर श्रीपत. विहिरीच्या काठावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं, आणि कॉन्रॅडची बसायची जागा अजून गुळगुळीत होती.

"मी वाईट माणूस नाही, श्रीपत," जगन्नाथच आधी बोलला. श्रीपतने काही विचारलंही नव्हतं. "मला भीती वाटते. आज कुलूप काढलं, तर उद्या म्हणतील विहीर आमची. परवा म्हणतील खोली आमची. या पगारात मी बायको-पोरं घेऊन कुठे जाऊ?"

"कायद्याचं मना ठाव नाय, भाऊ."

मग श्रीपतने त्याला होडीवाल्याची गोष्ट सांगितली. हळूहळू, सगळी, विडीसकट. आठवडाभरात दुसऱ्यांदा ती त्याच्या तोंडून बाहेर पडत होती, आणि पूर्वी चाळीस वर्षांत ती त्याने मंदाशिवाय कुणाला सांगितली नव्हती. जगन्नाथ फाटकाला टेकून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर विहिरीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"चौदा वरसं गावातली चावी माज्याकडं होती," श्रीपत शेवटी म्हणाला. "ती गेली. आता एकच चावी उरलीय. ती तुमच्या खिशात हाय."

जगन्नाथने बोटांवरची शाई चोळली. मग त्याने विचारलं, "त्या होडीवाल्याचं नाव काय?"

"ठाव नाय. माजे आयला पन ठाव नव्हतं."

जगन्नाथने मान हलवली आणि घरात गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. श्रीपत टाकीवर जाऊन बसला. तिथून सगळं गाव दिसायचं, माडांचे शेंडे आणि त्यांच्यामधून चमकणारी बावखलं. उंचावर पाणी मुकं असतं, त्याला तिथे काही ऐकू यायचं नाही. हे दोन दिवस फार लांबले, असं तो नंतर म्हणायचा.

शनिवारी संध्याकाळी बँड आला. आग्नेसबायच्या अंगणातून बाया कळश्या घेऊन निघाल्या, पुढे ग्रेसी मेणबत्ती घेऊन, मागे पोरंटोरं. श्रीपत आणि मंदालाही बोलावणं होतं. ग्रेसीच्या विहिरीची वाट जगन्नाथच्या कुंपणाला लागूनच जायची. आग्नेसबाय मान खाली घालून चालत होती, त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवून. बँडवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, ते फाटकापाशी आपणहून थांबले, कारण फाटक सताड उघडं होतं.

जगन्नाथ इस्त्रीचा शर्ट घालून तिथे उभा होता. त्याच्या हातात कुलूप होतं.

"पाणी इथलंच न्या," तो आग्नेसबायकडे न बघता म्हणाला. "नंतर कुलूप लागणार. आधीच सांगतो."

आग्नेसबाय थांबली. सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलणार आणि सगळं बिनसणार. तिने ओठ हलवले, प्रार्थनेच्या पुस्तकातला एक शब्द शोधला, तो मिळाला नाही. शेवटी तिच्या घरच्या बोलीत आभाराचे दोन शब्द बाहेर पडले, जे जगन्नाथला बारा वर्षांत कॉन्रॅडकडून ऐकून ऐकून कळत होते.

"पावती नको याची," जगन्नाथ म्हणाला, आणि ग्रेसीला हसू फुटलं.

बाया आत शिरल्या. काठावर मेणबत्ती लागली, बँड हळू वाजू लागला. रहाटाच्या दोराचं टोक आग्नेसबायने घेतलं आणि ते श्रीपतच्या हातात दिलं. तो मागे सरकला. चौदा वर्षं गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाने विहिरीतून कधी पाणी ओढलं नव्हतं. मिठागरात विहीर नव्हती, आणि इथे आला तो नळांबरोबर.

"पहिली कळशी तू काढ," ती म्हणाली.

त्याने वाकून खाली पाहिलं. खोलवर आकाशाचा एक तुकडा होता आणि त्यात त्याचं डोकं. कळशी खाली गेली, पाण्याला लागली, आणि जो आवाज आजवर त्याला लोखंडातून ऐकू यायचा तो सरळ वर आला. श्रीपतचे डोळे मिटले. त्याला वल्ह्याचा आवाज आला, अगदी जवळ. आई बांधावर उभी होती, आणि रांगेत तिच्यापुढे कुणी नव्हतं. मंदाने हळूच कोपराने ढोसलं, तेव्हा त्याने दोर ओढायला घेतला. कळशी वर आली ती भरून सांडत होती. सेलिनच्या मावशीने ती डोक्यावर घेतली, मग दुसरी, मग तिसरी, आणि वाजतगाजत सगळे घराकडे वळले.

श्रीपत दोर गुंडाळायला मागे राहिला. तो बाहेर आल्यावर जगन्नाथने फाटक ओढलं, साखळी घातली, कुलूप अडकवलं, आणि पुढच्या अंगणात बँडच्या वरताण ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून म्हणाला, "कुलूप लावलंय."

मग तो शर्टाचा खिसा चाचपू लागला, दुसरा खिसा चाचपला, आणि विडी शोधल्यासारखं करत पाठ फिरवून लांब जाऊन उभा राहिला. जगन्नाथ विडी ओढत नसे.

श्रीपतने कुलपाकडे पाहिलं. कडी साखळीत अडकवलेली होती, दाबलेली नव्हती. गुंडाळलेला दोर फाटकावर टांगून तो बँडच्या मागे गेला. पुढे चार वर्षं दर महिन्याला मनीऑर्डर जात राहिली आणि परत येत राहिली, वकीलही झाले. ते कुलूप मात्र तसंच लटकत राहिलं, बघणाऱ्याला बंद, आणि आग्नेसबाय रोज सकाळी विहिरीवरून आपला हंडा भरून नेत राहिली.